टाकीतला गाळ

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने कार्बोरेटरवर लेख पाठवला, हे पाहून आमचे संपादकमहाशय आधी हसले असतील आणि मग पाकिटावरचे नाव पुन्हा एकदा वाचले असेल. दरवर्षी मी त्यांना एखादा संतकवी पाठवतो, नाहीतर आठवणीतला एखादा मास्तर पाठवतो. यंदाही तसेच काही पाठवले असते तर त्यांचे काम सोपे झाले असते आणि माझेही. पण गेले वर्षभर कशावरही लिहायला बसलो की नाकात पेट्रोलचा वास येतो. तेव्हा तो एकदा कागदावर उतरवून मोकळे व्हावे म्हणतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये माझा पुतण्या हुबळीहून सुट्टीला आला, तो प्लायवूडची साडेचार फूट लांबीची एक पेटी घेऊन. बसच्या कंडक्टरने त्या पेटीचे अर्धे तिकीट फाडले होते. पोर चौदा वर्षांचे, नववीची परीक्षा देऊन आलेले. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्ली कानडी, आजोळही हुबळीचेच. मराठी बोलायचे ते बापाशी, आणि तो बाप २०२१ च्या मे महिन्यात गेला. दुसऱ्या लाटेत जी माणसे आठ-दहा दिवसांत नाहीशी झाली, त्यांतला एक माझा धाकटा भाऊ. त्या दिवसांविषयी इथे काही लिहीत नाही. ज्यांच्या घरात ते घडले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात घडले नाही त्यांना सांगून कळायचे नाही.

भावजयीने फोनवर एवढेच सांगितले, ‘भाऊजी, माळा साफ करायला काढलाय. ह्यांची बोट आहे. टाकवत नाही, ठेववतही नाही. पोरगा म्हणतो, काकांकडे नेतो.’

बोट म्हणजे खेळण्यातली. पण खेळणे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतली टिनाची फटफट करणारी होडी येते, तसली नव्हे. हिचे अंग फायबर ग्लासचे, लांबी चार फूट, पोटात २५.४ सी.सी.चे जपानी झेनोआ इंजिन. दोरी ओढून चालू करायचे, पेट्रोलवर चालणारे, टू-स्ट्रोक. लूनाचे इंजिन पन्नास सी.सी.चे होते हे ज्यांना आठवते त्यांना अंदाज येईल, की अर्ध्या लूनाची ताकद या चार फुटी कवचात कोंबलेली. हातातल्या रिमोटवर वेग आणि सुकाणू. माझा भाऊ मस्कतला बारा वर्षे फिटर होता. तिथल्या एका साहेबाची ही बोट. तो मायदेशी निघाला तेव्हा त्याने ती भावाला स्वस्तात दिली. २०१६ साली भाऊ कायमचा परतला तेव्हा लोकांनी टी.व्ही. आणले, सोने आणले. याने ही पेटी आणली. विमानात नेता येत नाही म्हणून इंजिनातला पेट्रोलचा थेंबन् थेंब काढून, फडक्याने पुसून, वास जाईपर्यंत आठवडाभर उन्हात ठेवून सामानातून पाठवली होती, असे तो अभिमानाने सांगायचा.

आता २०१७ च्या दिवाळीचे सांगायला हवे. सांगायचे टाळून पुढे जावे असे मनात फार होते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो बोट घेऊन आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावी आला. घर तिथलेच, मी बेळगावात राहत असलो तरी दिवाळीला सगळे तिकडे जमतो. गावाबाहेरचा तलाव परतीच्या पावसाने काठोकाठ भरला होता. बोट बाहेर काढून पाहतो तर टाकीतली, पेट्रोल ओढून घेणारी नळी तडकलेली. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, ‘अण्णा, आज नाही जमायचं. ही नळी इथं मिळायची नाही.’ मी म्हणालो, ‘नळीला काय झालंय? नळी म्हणजे नळी.’ माझ्या स्कूटरच्या डिकीत शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेल्या सामानाची पिशवी होती. ब्युरेटच्या टोकाला चिमटा लावून थेंब थेंब सोडायला जी बारीक रबरी नळी असते, ती त्यात हातभर होती. मी तिचा वीतभर तुकडा कापून दिला. थोडी सैल बसली, म्हणून मीच वर दोरा गुंडाळून गाठ मारली. तो काहीतरी म्हणत होता, ‘रबर आहे अण्णा, पेट्रोलला...’ मी म्हणालो, ‘आधी पाण्यात तर सोड. सगळं गाव थांबलंय.’

सकाळी टाकी भरली. आरत्या, जेवण, पाहुणे यांत दुपार झाली. साडेतीनला तलावावर शंभरेक माणसे होती. बोट सुटली आणि खरेच सांगतो, काळजात धस्स झाले. इतकी ती देखणी पळत होती. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तलावाच्या मधोमध एकाएकी इंजिनाचा आवाज चढला, किंचाळल्यासारखा झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, धाकटा ऐट दाखवतोय. दुसऱ्याच क्षणी इंजिन बंद. बोट मध्यभागी हलत उभी. ट्रकच्या ट्यूबवर बसून एक पोरगा गेला आणि ती ढकलत घेऊन आला. तोवर अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी काय बोललो ते माझ्या लक्षात आहे, कारण मी गावातला बोलका माणूस, आणि लोक माझ्या बोलण्याला हसत होते. शेवटचे वाक्य हे : ‘बारा वर्षं गल्फला राहून एवढंच शिकलास होय रे?’

तोही हसला. बोट पुसून पेटीत ठेवली. पुढे साडेतीन वर्षे तो गणपतीला आला, दिवाळीला आला. बोट आणली नाही. मीही कधी विचारले नाही.

तर ही ती पेटी.

पोराने आणि मी अंगणात घोंगडे पसरून बोट उघडली. साठ-सत्तर मिलिलिटर पेट्रोल टाकीत राहून गेले असावे. ते सात वर्षांत आटून तळाशी मधासारखा पिवळा-तांबूस चिकटा झाला होता. आंबूस वास. टाकी म्हणजे जाड प्लॅस्टिकची अर्ध्या लिटरची बाटली. तिच्या तोंडाला रबरी बूच, बुचातून दोन पितळी नळ्या आत गेलेल्या. मी बूच उपटून काढले आणि पितळी नळीच्या मागोमाग काही आलेच नाही. आत हात घालायला जागा नव्हती. बाटली उलटी करून ठोकली तेव्हा तळातून एक काळपट, फुगून मग सुकून चिरफाळलेला तुकडा पडला. त्याला दोरा होता, आणि दोऱ्याला माझी गाठ होती. मी पायजम्याची नाडी बांधतो तशी बांधलेली गाठ.

पोर विचारत होते, ‘काका, काय आहे ते?’ मी म्हणालो, ‘कचरा.’ आणि तो तुकडा खिशात घातला.

या टाकीची रचना इतकी साधी आणि इतकी शहाणी आहे, की ती समजल्यावर मला एखाद्या ओवीचा अर्थ उलगडावा तसे झाले. स्कूटरची टाकी वर असते, पेट्रोल आपले आपण खाली येते. बोटीत टाकी इंजिनाच्या बरोबरीला. वरून खाली यायचा प्रश्नच नाही. शिवाय बोट पाण्यावर उसळते, वळते, आणि पेट्रोल टाकीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते. म्हणून ओढणाऱ्या नळीचे टोक आत मोकळे ठेवायचे. पितळी नळीला मऊ, लवचीक नळी जोडायची आणि तिच्या टोकाला एक वजनदार पितळी गुंडी. गुंडीला बारीक गाळणी. पेट्रोल जिकडे धावेल तिकडे गुंडीही धावते. नळी मात्र मापाची हवी. लांब झाली तर गुंडी मागच्या भिंतीला चिकटून बसते, आखूड झाली तर कोपऱ्यात पोचत नाही. दुसरी पितळी नळी आत वरच्या बाजूला वळवलेली. तिचे काम टाकीत हवा घेणे. तीही बाहेर सरळ सोडायची नाही. वर वेटोळे घेऊन मग अंगाबाहेर काढायची. नाहीतर तीतून तलाव टाकीत येतो, किंवा टाकी तलावात जाते. पेट्रोल आत घेतले की तितकी हवा आत यायलाच हवी, हे न कळल्यामुळे आमच्या लहानपणी रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडणाऱ्याला आईचा मार बसायचा.

मग हे पेट्रोल ओढतो कोण? तर कार्बोरेटर स्वतः. टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या वर-खाली होताना खालच्या कोठडीत हवेचा दाब क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो. ती धडधड एका बारीक छिद्रातून कार्बोरेटरातल्या एका पातळ पडद्याखाली नेलेली असते. पडदा फडफडतो आणि दोन जिभांच्या मदतीने पेट्रोल उपसतो. म्हणजे एका छातीवर दोन कामे. पलीकडच्या बाजूला दुसरा पडदा. इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल आत सोडणारा. हे पडदे सात वर्षांत वाळून पापडासारखे झाले होते.

इथून पुढचे माझ्या आवाक्यातले नव्हते. मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. दहावीत मराठीत पस्तीस, आणि तेही माझ्या कृपेने. आता खानापूर रस्त्याला त्याचे दुकान आहे. औषध फवारणीचे पंप, झाडे कापायच्या करवती, गवत कापायची यंत्रे दुरुस्त करतो. घरात कानडी, दुकानात गिऱ्हाईक बघून भाषा. मी कार्बोरेटर रुमालात गुंडाळून त्याच्यापुढे ठेवला. त्याने रुमाल उघडला, कार्बोरेटर उलटा केला, त्यावरचा नंबर अंगठ्याने पुसून वाचला आणि म्हणाला, ‘सर, हे तर आमच्या गवताच्या मशीनचंच पोर आहे की ओ. बसा तुम्ही.’

तेव्हा कळले, की काजूच्या बागेत गवत कापणाऱ्या यंत्राचा आणि त्या बोटीचा कार्बोरेटर एकाच कुळातला. पडद्यांची जोडी त्याच्या डब्यातच निघाली. पिवळसर पारदर्शक नळीही त्याच्याकडेच. ही पेट्रोलला टिकते. मी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘रबराची चालत नाही का?’ तो मान वर न करता म्हणाला, ‘साधं रबर पेट्रोल पितं, सर. तासा-दोन तासात फुगतं, सैल होतं, निसटतं. मग टाकी अर्ध्यावर आली की नळी हवा खाते. इंजिन ओरडतं आणि मरतं. सिलिकॉनची नळीपण तशीच. ती मेथॅनॉलच्या छोट्या इंजिनांना चालते, पेट्रोलला नाही.’

मी चहा घेतला नाही. काम आहे म्हणून निघालो.

बुचाचेही त्याने पाहिले. ते कडक होऊन चिरले होते, त्यातून पेट्रोल बोटीच्या पोटात झिरपले असते. आणि ज्या पोटात ठिणगी आहे तिथे पेट्रोलची वाफ नको. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचे एवढे कारखाने आहेत. तेलाला न जुमानणारे नायट्राइल रबर तिथे कुणालाही ठाऊक. एका पालकांनी कातून दिलेले बूच दोन दिवसांत हाती आले. टाकीखाली आणि भोवती स्पंज घालायचा, हे मेस्त्रीने आवर्जून सांगितले होते. इंजिनाच्या थरथरीने पेट्रोलला फेस येतो, आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच.

मग पेट्रोल. पूर्वी पंपावर ‘टूटी मारून द्या’ म्हटले की हाताने दांडा हलवून तेल घालून देत; आता पंपावरच्या पोराला तो शब्दच ठाऊक नाही. आम्ही घरीच केले. पंचवीस भाग पेट्रोल, एक भाग तेल. म्हणजे लिटरला चाळीस मिलिलिटर. मापाला औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज. या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नाही. जे तेल पेट्रोलमधून येईल तेवढेच त्याचे वंगण. म्हणूनच नळीत हवा शिरली की दुहेरी मार बसतो. पेट्रोल कमी म्हणून उष्णता वाढते, आणि तेलही कमी म्हणून दट्ट्या अडकायची भीती. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला लागले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, जुन्या रबराला आणि पडद्यांनाही त्रास देते. मेस्त्रीने बजावले होते : ‘वापरायच्या दिवशीच कालवा आणि उरलेलं काढून टाका, सर. पोटात ठेवू नका.’

पेटीत भावाची छोटी वही होती. पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात : एच् दीड फेरा, एल् सव्वा फेरा. कार्बोरेटरला दोन सुया असतात. एक जोरात धावण्यासाठी, एक मंद चालण्यासाठी. आधी पूर्ण बंद करायच्या, दाबायच्या नाहीत, आणि मग इतके फेरे उघडायच्या. तसेच केले. इंजिन थंड ठेवायला पाणी लागते. तलावात ते पंख्यामागच्या नळीतून आपोआप चढते, अंगणात आम्ही बागेची नळी जोडली. पाचव्या ओढीला इंजिन लागले. शेजारच्या वाड्यातली कुत्री पळाली. सौभाग्यवती कानात बोटे घालून बाहेर आल्या. पोर प्रथमच दात दाखवून हसले.

आणि अर्ध्या मिनिटात तोच आवाज. चढला, किंचाळला, बंद.

मी जागीच उभा राहिलो. नळी नवी, पडदे नवे, बूच नवे. पुन्हा ओढले, पुन्हा तेच. तीनदा. मला वाटले, तळातला चिकटा नीट धुतला गेला नाही, गाळणीत अडकला. मी वैतागून पोराला म्हणालो, ‘टाकीत गाळ आहे का बघ’, आणि हात धुवायला आत गेलो.

बाहेर येऊन पाहतो तर पोराने टाकी बाजूला ठेवली होती. बूच नळ्यांसकट काढून, गुंडीचे टोक बोटाने दाबून, दुसऱ्या टोकाने गाल फुगवून फुंकत होता. आणि मधला भाग बादलीत बुडवलेला. मी ओरडलो, ‘अरे, गाळ बघ म्हटलं ना!’ तो म्हणाला, ‘तेच बघतोय की काका. गाळी. इथून येते बघा.’ पितळी नळी जिथे वाकवली होती तिथून, सुईच्या अग्राएवढे बुडबुडे एकामागून एक वर येत होते.

सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की कानडीत गाळी म्हणजे हवा. माझ्या मराठी गाळाचा त्याने कानडी वारा केला होता. मी सांगितलेले तो शब्दशः करता, तर आम्ही टाकी दहादा धुतली असती आणि ती चीर तिथेच राहिली असती. माझ्या शाळेत मी तीस वर्षे पोरांच्या वहीतले असले कानडी शब्द लाल शाईने अधोरेखित करत आलो आहे. त्या दिवशी संध्याकाळी मेस्त्रीला फोनवर हे सांगितले तर तो इतका हसला की दुकानातली माणसे गोळा झाली असावीत. ‘गाळी होक्कैति, सर,’ तो म्हणाला, ‘हवा घुसलीय. पोरानं बरोबर धरलं.’

फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक तांब्याची नळी आणली, तिच्यात मीठ भरून दोन्ही टोके चिमटून हळूहळू वाकवली (म्हणजे चपटी होत नाही), मग टोके कापून मीठ धुऊन काढले. इंजिन सुरळीत चालले.

त्या रात्री मला शांत झोप लागली. ती का लागली तेही लिहितो. ती चीर जुनी असणार, असे मी मनाशी ठरवले होते. २०१७ लाही असणार. मग बोट थांबली ती त्या चिरेमुळे; माझ्या नळीचा त्यात काय दोष? निसटली असेल, पण नंतर कधीतरी, माळ्यावर. मेस्त्री काहीही म्हणो. शाळेच्या टेबलाच्या खणात ठेवलेला तो चिरफाळलेला तुकडा मी दुसऱ्या दिवशी टाकून द्यायला हातात घेतला, पण टाकला नाही. खण लावून टाकला. मे, जून, सगळा पावसाळा मी त्या चिरेवर काढला.

सुट्टी संपली. तलाव मेमध्ये चिखल झालेला, तेव्हा बोट पाण्यात सोडायची ती दसऱ्याच्या सुट्टीत, असे ठरले. बोट इथेच राहिली; वही पोर हुबळीला घेऊन गेले.

ऑक्टोबरमध्ये पोर आले, बरोबर त्याची आईही आली. पंचायतीच्या सदस्यांना विचारले. ते म्हणाले, मास्तर, आवाज करा पण जनावरं पाण्यावर यायच्या आत आटपा. सकाळी आठला आम्ही चौघे, मेस्त्री, आणि कुठून वास लागतो कोण जाणे, पण गावातली पंधरा-वीस पोरे. बोटीच्या नाकात स्पंजचे ठोकळे भरले होते; उलटली तरी बुडू नये. पोराने रिमोट धरला, मेस्त्रीने दोरी ओढली, आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बोट सोडली.

पळणे वर्णन करण्यात अर्थ नाही. बाजूच्या छिद्रातून थंडाव्याच्या पाण्याची धार उडत होती. ती दिसते आहे तोवर इंजिन सुखरूप. पोरांना त्या धारेचे जे काही वाटायचे ते वाटले आणि ती हसून लोळली. पहिली फेरी, दुसरी. तिसऱ्या फेरीला बोट मध्यावर आली तेव्हा माझे लक्ष पाण्याकडे नव्हते, कानाकडे होते. आवाज तसाच राहिला, भरदार, एकसारखा. चौथी, पाचवी. भावजय काठावर दगडावर बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. फक्त मान बोटीबरोबर फिरत होती.

बोट काठाला आणून थांबवल्यावर पोराने शर्टाच्या आतून वही काढली. सुयांचे फेरे आज किती होते ते लिहायचे होते. तो पाने उलटत होता. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. देवनागरी हिंदीमुळे येते, पण बापाचे अक्षर घाईचे. मध्ये पाच-सहा कोरी पाने, आणि मग एक पान, ज्यावर मी मेमध्ये पोचलोच नव्हतो. तो एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागला.

‘ते-वीस-दहा-सतरा. न-ळी... फुगून... नि-स-ट-ली. पेट्रोलला... रबर चालत नाही. पिवळी नळी आ-ण-णे.’

मी काही बोललो नाही. त्याने ते पुन्हा एकदा, आता सलग वाचले, आणि विचारले, ‘काका, रबराची नळी कुणी घातली होती?’

तेवीस ऑक्टोबर. म्हणजे दुसऱ्याच दिवशी हुबळीला पोचून त्याने टाकीत डोकावून पाहिले होते. फिटर माणूस, बूच काढताच कळले असेल. मग पुढच्या गणपतीला आला तेव्हा त्याला ठाऊक होते. माझ्या पानात मोदक वाढताना ठाऊक होते. गल्फचा विषय निघून मी तेच वाक्य विनोद म्हणून पुन्हा एकदा चारचौघांत म्हटले होते, तेव्हाही.

‘मी घातली,’ मी म्हणालो. ‘तो नको म्हणत होता. मीच घातली, आणि बोट बंद पडल्यावर मीच त्याला हसलो.’

भावजयीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मेस्त्री पाने-पेचकस पुसत राहिला. पोराने वही मिटली, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘पप्पा मला म्हणायचे, अण्णांची गाठ बघ, नळी गेली तरी सुटली नाही.’

‘अजून काय म्हणायचा?’

‘काही नाही. हसायचे.’

ऊन वर चढत होते. पलीकडच्या काठावर म्हशी यायला लागल्या होत्या. आता टाकीतले उरलेले पेट्रोल काढायचे होते. मी सिरिंजने ते ओढून डब्यात भरले. पण कार्बोरेटरात आणि नळीत थोडे राहतेच. ते पडद्यांवर सुकू द्यायचे नाही. त्यासाठी रिकाम्या टाकीवरच इंजिन पुन्हा लावायचे आणि मंद ठेवून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे. उथळ पाण्यात बोट मी दोन्ही हातांनी घट्ट धरली, पंखा काठापासून दूर. पोराने दोरी ओढली. काही क्षण इंजिन बरे चालले. मग नळीतून एक बुडबुडा सरकत येताना आम्हा दोघांनाही दिसला, त्याच्यामागून दुसरा, आणि आवाज चढू लागला.

काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.